गाडी गोणीतून आणू नका

जुन्या फियाट, पद्मिनी आणि अँबेसेडरच्या मालकांसाठी, आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजकडून

गेल्या दिवाळीपासून आमच्या दारात तीन गाड्या टेम्पोतून आल्या. त्यात नवल काही नाही. बंद पडलेली गाडी आणखी कशातून येणार? पण या तिन्ही वेळा टेम्पोत नुसता सांगाडा होता आणि बाकीची गाडी युरियाच्या गोण्यांत. मालक टेम्पोतून उतरता उतरताच म्हणाले, "निम्मं काम आम्हीच करून आणलंय बघा. खोलायची मजुरी वाचली की नाही?"

वाचली नाही, वाढली. हे दर वेळी तोंडी सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो आणि आमची दुपार जाते, म्हणून हे पत्रक छापलं आहे. गाडी दाखवायला येण्याआधी वाचा. पाना हातात घेण्याआधी वाचलंत तर उत्तमच.

पाना हातात का येतो, ते आम्हाला ठाऊक आहे

गाडी बहुतेक वेळा वडिलांची असते, नाहीतर मामांची. त्या काळी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, त्यामुळे ती आली त्या दिवशीचा फोटो घरात अजून असतो: बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, शेजारी अख्खी गल्ली. मग वडील जातात. गाडी शेडमध्ये उभी राहते, तिच्यावर ताडपत्री पडते, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. दहा-बारा वर्षांनी एका रविवारी मुलगा ताडपत्री काढतो आणि बॉनेट उचलतो.

तिथंच फसतो. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. पद्मिनीचं उघडलं की सगळं समोर: हा कार्बोरेटर, हा पेट्रोल पंप, हा डिस्ट्रिब्युटर. कुठली नळी कुठं जाते ते शाळकरी पोरालाही बोटानं दाखवता येतं. एअर फिल्टर सुटतो. मग कार्बोरेटर सुटतो. सुटतंय म्हटल्यावर हात थांबत नाही. संध्याकाळपर्यंत निम्मं इंजिन वर्तमानपत्रावर मांडलेलं असतं आणि माणूस पाच वर्षांत नव्हता इतका खूश असतो.

पुढची पायरी स्पेअरच्या गाडीची. एक दार आणि डिकीचं झाकण मिळत नाही, म्हणून कुठल्या तरी खेड्यातली दुसरी पद्मिनी भंगाराच्या भावानं घेतली जाते, "फक्त स्पेअरसाठी" म्हणून. ती घरी येते. तिचं इंजिन हातानं फिरतं असं लक्षात येतं. मग तिचं दार काढायला मन होत नाही. आता दुरुस्त करायच्या गाड्या दोन, आणि दार अजून मिळालेलं नाहीच. आमच्या एका ग्राहकाच्या मिसेसनी फोन करून सांगितलं, "तिसरी घेऊ नका असं तुम्हीच सांगा ह्यांना, माझं ऐकत नाहीत." आम्ही काय सांगणार? आमच्याच मागच्या अंगणात एक स्टँडर्ड हेराल्ड आठ वर्षं उभी आहे, तीही स्पेअरसाठीच आणली होती.

मला स्वतःला हे वेड दसरा चौकात लागलं. वडिलांच्या खांद्यावर बसून शाही दसऱ्याला गेलो होतो. राजघराण्याची मेबॅक गाडी आली, सगळे महाराजांकडे बघत होते आणि मी मडगार्डकडे. तेव्हा कुणाला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. तुम्ही पाना उचलता याचा आनंदच आहे. फक्त तो आमच्यासमोर उचला.

गडहिंग्लजच्या मास्तरांच्या गोण्या

मास्तरांची परवानगी घेऊन सांगतो. १९७२ सालची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे पद्मिनी नावानं निघाली. मास्तर शिस्तीचे. त्यांनी सुट्टीत पूर्ण गाडी खोलली, प्रत्येक नट-बोल्ट रॉकेलनं धुतला, पुसला, तेल लावलं आणि मापाप्रमाणे वेगळ्या डब्यांत भरला. इतके स्वच्छ बोल्ट आमच्या गॅरेजात कधी आले नव्हते.

आणि इतके निरुपयोगीही. बोल्टावरचा मळ हा त्याचा पत्ता असतो. पाण्याच्या पंपाच्या बोल्टावर क्षाराचा पांढरट थर असतो, गिअरबॉक्सच्या बोल्टावर काळं ग्रीस, दाराच्या बोल्टावर जुन्या रंगाची कड. किती आटे आत होते आणि किती बाहेर, तेही मळावरून कळतं. एकाच जाडीचे, पण लांबीनं दोन-चार मिलिमीटरनं वेगळे बोल्ट या गाडीत जागोजागी आहेत. लांब बोल्ट आखूड भोकात कसला की तो तळाला टेकतो, वरचा भाग सैलच राहतो, आणि आणखी जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात. मास्तरांच्या डब्यांतला बोल्ट न् बोल्ट आम्ही उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीशी ताडून लावला. दोन माणसं, अकरा दिवस. पूर्ण गाडी आमच्या पद्धतीनं खोलायला याच्या निम्मे दिवसही लागत नाहीत.

बोल्ट तरी लेथवर बनवून मिळतो. उद्यमनगरात लेथची वाण नाही. इंजिनातल्या काही वस्तूंना मात्र बदली नाही. त्यातल्या क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) मेन बेअरिंगच्या कॅपा, म्हणजे बोल्टनं कसायच्या अर्धगोल टोप्या, इंजिनाच्या ब्लॉकला बसवून एकत्र बोअर केलेल्या (भोक कोरलेल्या) असतात. पहिल्या नंबरची कॅप तिसऱ्या जागी बसवली, किंवा तीच कॅप उलटी फिरवून लावली, तर भोक गोल राहत नाही आणि क्रँक जाम होतो. कनेक्टिंग रॉडच्या कॅपांचंही तेच. सगळ्या दिसायला जुळ्या बहिणी. गोणीत मिसळल्या की नशिबावर हवाला, नाहीतर ब्लॉक पुन्हा बोअरिंगला. व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट आणि पुशरॉड ज्या जागी झिजले, त्याच जागी परत गेले पाहिजेत. आम्ही पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून ते ओळीनं खोचून ठेवतो. त्या पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट पत्र्याची. फियाटला जीपसारखी वेगळी चासी (खालची चौकट) नाही. बॉडी हीच चासी. दाराखालची पोकळ पेटी गाडीचं वजन पेलते, आणि गंज नेमका तिथंच बसतो, कारण दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी खालच्या बारीक भोकांतून जायचं असतं आणि ती भोकं मातीनं बुजलेली असतात. घरी दारं काढली, गावातल्या वेल्डरनं सडलेली पेटी कापून नवा पत्रा मारला, की मधल्या वेळात गाडी पोटात थोडी बसते. डोळ्यांना दिसत नाही. दार लावताना दिसतं: एकीकडे बोटभर फट, दुसरीकडे घासतंय. मग दार ठोकून ठोकून बसवतात. आमच्याकडे पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करतात. तुम्ही आलात आणि गाडीच्या पोटात हा पिंजरा बघून दचकलात, तर तो त्यासाठी आहे.

घरी काय केलं तर चालेल

फोटो काढा. मोबाइल आहेच, दोनशे काढा: बॉनेटखाली, डॅशबोर्डखालच्या वायरी, दारांच्या फटी, क्रोमच्या पट्ट्या कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात. रबरी मॅट उचलून खालचा पत्रा बघा. पावसाळी भागातल्या गाडीत तिथं जमीन दिसली तर घाबरू नका, आम्ही रोज बघतो. घरातली कपाटं, माळा, जुने डबे शोधा. जादा किल्ल्या, हबकॅप, कारखान्याचं पुस्तक बहुतेक तिथंच असतात.

आणि सेल्फ मारू नका. बारा वर्षं उभ्या इंजिनाला नवी बॅटरी लावून "बघू तर" म्हणणारे गोणीवाल्यांच्या खालोखाल आहेत. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजानं चिकटलेल्या असतात. सेल्फनं ओढल्या की बोअरला ओरखडे. रिबोर (सिलिंडर पुन्हा कोरणं) टळला असता, तो ओढवून घेतला जातो. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, आठवडाभर मुरू द्यायचं आणि हातानं फिरवून बघायचं, ते आमच्यावर सोपवा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढू नका, आम्ही काढतो. त्याच्या वासावरून आणि रंगावरून टाकीची अवस्था कळते. नव्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या आम्ही प्रत्येक गाडीत बदलतो. त्याचा सेट तयार ठेवलेला असतो, नुसता हवा असेल तरी मिळेल.

आमच्याबद्दलच्या तक्रारी

फोनवर अंदाज सांगत नाही, ही पहिली. खरं आहे. जुन्या गाडीचा खर्च रंगाखाली दडलेला असतो. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. दुसरीकडे दोन महिन्यांत चकाचक करून देतात असं आम्हाला ऐकवलं जातं. देतात. सडलेल्या पत्र्यावर लांबी चोपडून आरशासारखा रंग मारता येतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात. मग तीच गाडी आमच्याकडे येते आणि लांबी खरवडायचे पैसे जादा.

उशीर लागतो, ही दुसरी. एका वेळी चारच गाड्या घेतो. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षांच्या वर झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली, तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारी स्पेअरची दुकानं कमी होत चालली आहेत. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याची नाना पेठ, जुना बाजार, असं फिरून माल जमवावा लागतो. बिडिंगच्या (दारा-काचांच्या कडेच्या) रबराचे साचे मात्र आम्ही स्वतः करून घेतलेत. डुक्कर फियाटचंही (त्याहून जुन्या, गोल अंगाच्या फियाटचं) बिडिंग आमच्याकडे आहे, ते इतरत्र सहज मिळणार नाही.

गोण्या निवडायचे दिवसावर पैसे लावतो, ही तिसरी. होय. वर वाचलंतच.

कागदपत्रांचं थोडक्यात

आरसी वडिलांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. ते काम गाडी सुरू होण्याची वाट न बघता आधी करा. चासी नंबरवर ग्राइंडर चालवू देऊ नका. नंबर पुसला गेला तर आरटीओसमोर आमचा आणि तुमचा दोघांचाही इलाज चालत नाही.

व्हिंटेज नोंदणीबद्दल सगळे विचारतात. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ती मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. रविवारी सहकुटुंब जोतिबाला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवा. आणि इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा बदल केला असेल तर व्हिंटेजचा विचार सोडा. म्हणूनच "डिझेल इंजिन बसवून द्या" असं कुणी म्हटलं तर आम्ही आधी दोनदा विचारतो.

शनिवार

खोलायची हौस असलेल्यांसाठी दर शनिवारी दुपारी ३ नंतर जागा राखलेली असते. तुमच्याच गाडीवर, तुमच्याच हातानं. पाना आमचा, शेजारी आमचा मिस्त्री, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि पिशवी. त्या कामाची मजुरी बिलातून वजा होते. जुने कपडे घालून या. मास्तर अजूनही येतात, त्यांची गाडी केव्हाच रस्त्यावर आली तरी. सध्या स्पेअरसाठी आणलेल्या दुसऱ्या गाडीचं काम काढलंय.

ज्यांनी हे पत्रक हातात पडण्याआधीच गाडी खोलली आहे, त्यांनी निदान काही धुऊ नका. तुटलेलं, वाकलेलं, गंजलेलं टाकू नका. नवं बनवायला तोच नमुना लागतो. वेगळं लावायलाही बसू नका. गोणी झटकून तळाची माती फेकू नका, बारीक चकत्या आणि क्लिपा तिथंच असतात. तशीच, तोंड बांधून, गोणीसकट आणा.