बॉण्डची धून आणि मेंदूतली तफावत

फेब्रुवारी २०२५मध्ये जेम्स बॉण्डच्या चित्रपटांची सर्जनशील सूत्रं त्यांचे जुने निर्माते बार्बरा ब्रोकोली आणि मायकल विल्सन यांच्याकडून अ‍ॅमेझॉन एमजीएम या कंपनीकडे गेली, आणि बॉण्डचे चाहते हवालदिल झाले. आता या माणसाचं काय होणार? प्रत्यक्षात कधी जन्मालाच न आलेल्या माणसाबद्दलची ही काळजी पाहिली की एक झटपट स्पष्टीकरण हमखास पुढे येतं: अशा मालिका म्हणजे डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचे डोस आणि चाहते म्हणजे व्यसनी. हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. त्यात डोपामाइनवरही अन्याय आहे आणि चाहत्यांवरही. शिवाय मेंदूत जे घडतं ते याहून कितीतरी सुंदर आहे.

आधी कोडं नीट मांडू. १९६२ ते २०२१ या काळात मूळ निर्मितिसंस्थेने बॉण्डचे २५ चित्रपट काढले. सहा नटांनी ही भूमिका केली. पडद्यावर बंदुकीच्या नळीतून दिसणारा माणूस चालत येणार, वळून आपल्यावर गोळी झाडणार, मग ती गिटारची धून, ती गाडी, तो खलनायक आणि शेवटी बॉण्डचा विजय, हे प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधीच ठाऊक असतं. जे सगळं माहीत आहे त्याचा कंटाळा यायला हवा. इथे उलट झालं. ज्याला सगळ्यात जास्त माहीत, तोच सगळ्यात आधी थिएटरात.

आता डोपामाइनकडे वळू. हे ‘आनंदाचं रसायन’ असल्याचं हल्ली शाळकरी मुलंही सांगतात. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीसच या समजुतीला सुरुंग लावला होता. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं. उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावेनात. पण साखरेचं पाणी थेट तोंडात सोडलं की निरोगी उंदरांसारखेच ते जिभल्या चाटत. गोडी शाबूत होती, गोडाची ओढ गेली होती. डोपामाइनचा संबंध या ओढीशी आहे, आणि शिकण्याशी. ‘डोपामाइन डिटॉक्स’च्या नावाने सध्या जे काही विकलं जातं, त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एकच गोष्ट लक्षात घ्यावी: पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात, आणि त्याला साधं पाऊल उचलणं जड जातं. हे रसायन म्हणजे शरीरातून काढून टाकायची घाण नव्हे.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र माकडांवरचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामाइन पेशीची विद्युत-स्पंदनं नोंदवली. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात स्पंदायची. इथपर्यंत नवल नाही. मग रसाच्या आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. खूण आणि रस यांची जोडी माकडाला कळली, तशी पेशीची उसळी रसावरून उठून खुणेवर गेली. आणि रस? रस मिळाल्यावर पेशी ढिम्म. तोच रस, तेच माकड, पण पेशीच्या लेखी त्यात नवी बातमी उरली नव्हती. यापुढचा भाग तर विलक्षण आहे. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर तो जेव्हा मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशीची स्पंदनं नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. काहीही घडलं नव्हतं, तरी त्या ‘न घडण्याची’ नोंद झाली होती.

पेशी रस मोजत नव्हती. अपेक्षा आणि वास्तव यांच्यातली तफावत मोजत होती. दिवाळीला दहा हजार बोनस मिळणार हे पक्कं असेल आणि आठच हजार हातात पडले, तर एरवीपेक्षा आठ हजार जास्त मिळूनही माणूस खट्टू होऊन घरी येतो, तसंच हे.

शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की पेशींचं हे वागणं एका गणिती सूत्रात चपखल बसतं. हे सूत्र संगणकशास्त्रातलं, यंत्रांना अनुभवातून शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी विकसित केलेल्या पद्धतीतलं. याच क्षेत्रातल्या कामासाठी दोघांना २०२४चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळाला. शब्दांत मांडायचं तर:

तफावत = आत्ता मिळालेलं बक्षीस + इथून पुढे दिसणारी आशा − आधी बांधलेली आशा

(पुढच्या आशेला थोडी कात्री लावतात, कारण उद्याचं बक्षीस आजच्याइतकं मोलाचं नसतं. ती बारीक गोष्ट इथे सोडून देऊ.) प्रत्येक अनुभवानंतर या तफावतीचा काही हिस्सा जुन्या अपेक्षेत मिळवला जातो. समजा बक्षीस १० एककांचं आहे, सुरुवातीची अपेक्षा शून्य आणि दर वेळी अर्धी तफावत शिकली जाते. पहिल्यांदा तफावत १०, मग ५, मग २.५, मग १.२५. बक्षीस तेवढंच राहतं, तफावत मात्र विरत जाते. या हिशेबाने पंचविसाव्या बॉण्डपटात काही म्हणजे काही उरायला नको.

मग काय उरतं? उत्तर प्रयोगाच्या रचनेतच होतं, फक्त आपण रसाकडे पाहत राहिलो. रस केव्हा येणार हे खूण सांगते, पण खूण केव्हा येणार हे कोण सांगणार? दोन फेऱ्यांमधला वेळ कमी-जास्त ठेवलेला असायचा. त्यामुळे खूण कितीही ओळखीची झाली तरी तिचं येणं अवचितच राहिलं. सूत्रात घालून पाहा: क्षणापूर्वी आशा जवळजवळ शून्य, खूण दिसताच आशा मोठी, म्हणजे तफावतही मोठी. पहिल्या दिवशी आणि हजाराव्या दिवशीही. ओळखीची खूण अवचित वेळी आली तर ती शिळी होत नाही.

बॉण्डच्या धुनेचं नेमकं हेच आहे. ती येणार हे पक्कं, कधी येणार हे मात्र गुलदस्त्यात. ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) गॅरेजात १९६४ सालच्या ‘गोल्डफिंगर’पासूनची ती अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ दिसते आणि धून सुरू होते. जुन्या चाहत्याच्या अंगावर काटा येतो. शेजारी बसलेल्या नवख्याला एक जुनी गाडी दिसते. पडदा एकच, पण दोघांच्या आधी बांधलेल्या आशा वेगळ्या, म्हणून तफावतही वेगळी. माझ्या मते निष्ठावान चाहता असा घडतो. वर्षानुवर्षं त्याच्या मेंदूत खुणांचा साठा होत जातो, आणि तो साठा नसलेल्याला हा आनंद कितीही पैसे मोजून विकत घेता येत नाही.

या धुनेची जन्मकथाही सांगायलाच हवी. तिचे संगीतकार माँटी नॉर्मन यांनी तिचं मूळ स्वतःच सांगितलं आहे. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबावरच्या व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर संगीतिका करायचं चाललं होतं, त्यासाठी रचलेल्या एका गाण्यातले हे सूर. संगीतिका बारगळली, सूर बॉण्डला मिळाले. जॉन बॅरी यांनी त्यांचं वाद्यसंयोजन केलं आणि विक फ्लिक यांनी गिटार वाजवली.

खूण उमटवता येते तशी राखूनही ठेवता येते. ‘कॅसिनो रोयाल’मध्ये (२००६) नेहमीची पूर्ण धून जवळजवळ सगळा चित्रपटभर येत नाही. संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड शीर्षकगीतातले सूर अधूनमधून हुंगायला देतात, बस्स. अगदी शेवटच्या क्षणी बॉण्ड आपलं नाव त्या ठरलेल्या पद्धतीने सांगतो आणि धून उसळते. डॅनियल क्रेगची निवड झाली तेव्हा, म्हणजे २००५ साली, ‘सोनेरी केसांचा बॉण्ड कसा चालेल’ म्हणून काही चाहते बहिष्कारावर उतरले होते. चित्रपट आल्यावर क्रेगने टीकाकारांना आणि बहुतेक प्रेक्षकांना जिंकलं. रस रोखून धरल्यावर खाली जाणारी ती स्पंदनं इथे कामाला लावली होती असं म्हणायचा मला मोह होतो.

मोहच, कारण इथे जपून बोललं पाहिजे. माकडाच्या प्रयोगातला काळ सेकंदांचा आहे, चाहत्यांची प्रतीक्षा वर्षांची. माणसाबद्दलचा जवळचा पुरावा संगीताचा आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलीमपूर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली लोकांना त्यांचंच आवडतं संगीत ऐकवून मेंदूचं चित्रण केलं. अंगावर शहारा येण्याच्या क्षणी मेंदूतल्या एका भागात डोपामाइन स्रवत होतं, आणि त्याआधीच्या सेकंदांत, ती जागा ‘येतेय, येतेय’ असं वाटत असताना, दुसऱ्या भागात. आवडती चीज कुठे समेवर येणार हे पाठ असलेल्या श्रोत्याला हे नवीन वाटणार नाही. पण तेवढ्यावरून कुणी ‘बॉण्डभक्तीचं केंद्र मेंदूत सापडलं’ असा मथळा दिला तर तो खुशाल दुर्लक्षावा.

याच शिकण्याची एक वाईट बाजूही आहे. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या की मेंदू त्यांची जोडी लावायला उतावीळ असतो. खूण आणि रस यांचं नातं खरं होतं. मांजर आडवं जाणं आणि काम फिसकटणं यांचं नाही, पण एकदा जुळलेली जोडी मेंदू सहजी सोडत नाही. ती तपासून पाहण्याचं कष्टाचं काम आपल्यालाच करावं लागतं.

अनिश्चिततेचंही एक मोजमाप आहे. फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांनी २००३ साली खुणेनंतर रस मिळण्याची शक्यता शून्यापासून १०० टक्क्यांपर्यंत बदलून पाहिली. खूण आणि रस यांच्या मधल्या वेळात पेशींचं स्पंदन हळूहळू चढत जाई, आणि शक्यता निम्मी असताना हा चढ सर्वांत जास्त असे. त्याचा अर्थ काय, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. तरी बॉण्ड जिंकणार हे शंभर टक्के पक्कं ठेवून कसा जिंकणार हे झाकून ठेवणाऱ्या लेखकांना पन्नास टक्क्यांची ही जागा अनुभवाने सापडली असावी.

फक्त तफावतीने निष्ठा मात्र पुरती उलगडत नाही. पडद्यावरच्या माणसाशी जडणारं एकतर्फी नातं डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच वर्णिलं होतं, आणि ते नातं तुटलं की होणारं दुःख खरंच असतं. ‘नो टाइम टू डाय’च्या (२०२१) शेवटी बॉण्ड मरतो. साठ वर्षांत पहिल्यांदाच. कित्येक चाहते चिडले, कित्येक रडले. सूत्राच्या भाषेत ही सर्वांत मोठी उणे तफावत: मिळालेलं काही नाही, पुढची आशा शून्य, आणि आधी बांधलेली आशा साठ वर्षांची. मग श्रेयनामावली सरकत जाते आणि तिच्या शेवटी, १९६३च्या दुसऱ्या चित्रपटापासून बहुतेक वेळा येत आलेली ती ओळ उमटते: जेम्स बॉण्ड परत येईल. सूत्रातलं मधलं पद, ‘इथून पुढे दिसणारी आशा’, तेवढ्या एका ओळीने पुन्हा शून्याच्या वर जातं. दिवे लागल्यावरही खुर्चीत बसून राहणारे चाहते त्या ओळीसाठीच थांबलेले असतात.