पार्श्वभूमी : कवांटचे अंगठे, बार्शीची मोजणी आणि एक डोस

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलीच्या एचपीव्ही लसीचा विषय निघाला की दोन वाक्ये पाठोपाठ येतात. ‘म्हणे आता एकच डोस पुरतो.’ आणि मग, ‘पण आपल्याच जिल्ह्यात ती लस मध्येच बंद पाडली होती ना?’ दोन्ही खरी आहेत. एवढेच नव्हे, तर पहिल्या वाक्यामागचा मोठा पुरावा दुसऱ्या वाक्यातल्या गोंधळामुळेच हाती आला.

आधी आजाराविषयी थोडे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्यासाठी एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहावा लागतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातही कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये १६ आणि १८ हे दोन प्रकार सापडतात. लस संसर्ग अडवते. झालेला संसर्ग काढून टाकत नाही. म्हणून ती नवव्या ते चौदाव्या वर्षी द्यायची. आणि कॅन्सर व्हायला इतका काळ लागतो, म्हणूनच तपासणीला पुरेसा अवकाश मिळतो.

तपासणीचा भारतातला इतिहास मात्र अडखळत गेला. पॅप स्मिअर म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर पसरून तपासणे; त्यासाठी स्लाइड वाचणारा तरबेज माणूस लागतो, आणि अहवाल घ्यायला बाईला परत यावे लागते. खेड्यात या दोन्हींची वानवा. त्याहून मूळ प्रश्न हा की, बाईला तपासले होतेच कोणी? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर स्त्री-आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब होता. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांना सरकारी नोंदवहीत रकानाच नव्हता.

पुढचा टप्पा बार्शीचा. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावच्या कॅन्सर रुग्णालयाने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठीसारख्या पद्धतीने चार गटांत वाटले. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची व्हीआयए (गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नजरेने पाहणे), आणि चौथ्याला नेहमीची सेवा. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले : तुलनेच्या गटात ६४, इथे ३४. एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हीआयएने मृत्यूंत ठळक घट दिसली नाही.

मग व्हीआयए वाया गेली का? मुंबईच्या वस्त्यांमधला टाटा मेमोरियलचा अभ्यास तसे म्हणत नाही. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फरक पडला तो फेऱ्यांमुळे, असे आम्हाला वाटते. नजरेवर चालणारी चाचणी एकदा हुकते. पुन्हा केली तर हुकलेले सापडते.

ती हुकते कशी, हे कृतीवरूनच कळते. ५ मिलि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ९५ मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचे. मिसळायचे विसरले तर गर्भाशयमुख भाजते. द्रावण रोजचे रोज करायचे आणि उरलेले संध्याकाळी ओतून द्यायचे. कापसाच्या बोळ्याने लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचे. घाईच्या शिबिरांत पहिला बळी जातो तो या मिनिटाचा. दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या रेषेला चिकटून दाट, स्पष्ट कडेचा पांढरा डाग उठला तर चाचणी सकारात्मक. साधी सूज असली तरी फिकट पांढरट दिसते, म्हणून नाहक घाबरवले जाणेही होते. पाळी गेल्यावर ती रेषा आत सरकते आणि मग दिसतच नाही. तिथे ‘सर्व ठीक’ लिहिणे म्हणजे न पाहता लिहिणे.

बार्शी आणि मुंबईच्या दोन्ही अभ्यासांवर एक आक्षेप राहिला : तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिलीच नाही, हे योग्य होते का? भारतात नेहमीची सेवा म्हणजे शून्य तपासणी, हे संशोधकांचे उत्तर. ते वस्तुस्थितीला धरून आहे, पण म्हणून पटतेच असे नाही.

याच सुमारास लस आली. २००८ मध्ये भारतात गार्डासिल आणि सर्व्हारिक्स या दोन लसींना परवाना मिळाला. २००९ मध्ये ‘पाथ’ या संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सहभागाने १० ते १४ वयाच्या मुलींसाठी प्रकल्प सुरू केला. तेव्हा आंध्रात आणि आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात गार्डासिल, आणि आपल्याकडे डभोई, शिनोर व कवांट तालुक्यांत सर्व्हारिक्स. (कवांट तेव्हा वडोदरा जिल्ह्यात होते, २०१३ पासून छोटा उदेपूरमध्ये.) दोन्हीकडे मिळून सात मुली दगावल्या, पाच खम्ममच्या आणि दोन गुजरातच्या. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणे निघाली. एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला.

लस निर्दोष ठरली, कागद ठरले नाहीत. संसदीय स्थायी समितीच्या ऑगस्ट २०१३ च्या अहवालानुसार गुजरातच्या ६,२१७ संमतिपत्रांपैकी ३,९४४ वर अंगठे होते. खम्ममच्या ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. अंगठा म्हणजे संमती नाही, असे नव्हे. पण वाचता न येणाऱ्या आईला मजकूर समजावला कुणी, आणि तो नीट समजावला याला साक्षीदार कोण, हे कागदावरून कळायला हवे. अधीक्षकाची सही तर पालकाच्या जागी चालतच नाही. ‘पाथ’ने समितीचे निष्कर्ष अमान्य केले. वादाचे मूळ नावातही होते : ही परवाना मिळालेल्या लसीची प्रात्यक्षिक मोहीम की माणसांवरची चाचणी? चाचणी म्हटले की विमा, भरपाई आणि दुष्परिणामांची नोंद हे सगळे बंधनकारक होते.

त्या एप्रिलच्या आदेशात आणखी एक अभ्यास अडकला. बार्शी, पुणे, अहमदाबाद यांसह नऊ केंद्रांवर २० हजार मुलींमध्ये दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करायची होती. काम थांबले तेव्हा १७,७२९ मुलींना लस सुरू झाली होती, आणि त्यांतल्या ४,९५० मुलींच्या दंडात एकच डोस गेला होता. संशोधकांनी त्यांना सोडून न देता पाठपुरावा चालू ठेवला. साधारण नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये आकडे आले. १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसाने ९५.४ टक्के संरक्षण दिले, तीन डोसांनी ९३.३. हे गट चिठ्ठीने पडलेले नव्हते, ही उणीव खरी. पण मुलींनी स्वतः दुसरा डोस टाळला नव्हता, तारखेने टाळला होता. त्यामुळे एक डोसवाल्या मुली मुळातच वेगळ्या, ही शंका बरीच सैल पडते. केनियातल्या चाचणीनेही दुजोरा दिल्यावर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लसीला जुलै २०२२ मध्ये परवाना मिळाला तो मात्र ९ ते १४ वयासाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसांचा, आणि १५ ते २६ साठी तीनचा. डॉक्टर एक सांगतात आणि परवान्याचे वेळापत्रक दुसरे, याचे कारण इतकेच. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. गोठलेली कुपी फेकायची. टोचल्यावर मुलीला पंधरा मिनिटे बसवून ठेवायचे, कारण या वयात सुईनेच चक्कर येते आणि पडून डोके आपटते.

२०१६ पासून सरकारी आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए व्हायची आहे, लस घेतलेली असो वा नसो, कारण लसीत नसलेले प्रकार उरतातच. २००९ मध्ये कवांटला चौदा वर्षांची असलेली मुलगी २०२५ मध्ये तिशीची झाली.