पाइपची घासाई व पॉलिश

हाताने कोरलेल्या तंबाखूच्या पाइपचे लाकूड घासणे, रंगवणे आणि मेण चढवून उजळणे हा एक हस्तछंद. अर्धवट कोरलेला ठोकळा आणून पुरा करणारे हौशी यात येतात, तसे जुना काळवंडलेला पाइप नवा करणारेही. वडोदऱ्यातल्या मराठी हौशी माणसाला यासाठी गुरू शोधायला लांब जावे लागत नाही. शहरापासून सुमारे ५० किमी.वर संखेडा आहे. तिथले खरादी, म्हणजे आपले कातारी, सागवानावर लाख कशी चढवतात हे एकदा पाहिले, की या छंदाचे निम्मे तत्त्व कळते.

पाइपचे खरे लाकूड ब्रायर. भूमध्य सागराच्या काठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीत धरलेली ही गाठ. ती तासन्‌तास उकळून चीक काढतात आणि महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हिचे पाइप होऊ लागले. सागवान इकडे सहज मिळते, पण ते तेलकट. विस्तवाच्या वाटीला ते वापरू नये.

सगळी मेहनत घासाईत आहे. २२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ३२०, ४००, ६०० असे चढत जायचे. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हाती घ्यायचा नाही. मध्ये ओल्या फडक्याने लाकूड पुसले की दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासायचे. मुखनळी दांडीत बसवूनच घासावे. ती काढून घासली तर सांध्याची कड गोलावते आणि दोन्ही भाग पुन्हा कधी एकसंध दिसत नाहीत. नवशिक्याची ही चूक मेणाने झाकत नाही.

अल्कोहोलमध्ये विरघळवलेला ॲनिलीन रंग लावला की घासाईची परीक्षा होते, कारण रंग प्रत्येक राहिलेल्या ओरखड्यात साठतो आणि तो काळी रेघ होऊन दिसतो. अनुभवी हात याचाच फायदा घेतात. आधी गडद रंग देऊन तो घासून काढायचा, म्हणजे तो सच्छिद्र रेषांमध्येच उरतो; मग वर फिकट तपकिरी द्यायचा. ब्रायरच्या ज्वाळेसारख्या रेषा आणि पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके याने उठून दिसतात. (वडोदऱ्यात रंगाईच्या रसायनाची परंपरा जुनी आहे; सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापलेल्या कलाभवनात हा विषय शिकवला जाई.)

संखेड्यात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि केवड्याच्या पानाने ती पसरून चकाकते. पाइपवर हेच काम कार्नोबा मेण करते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे हे मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, मधमाशीचे सुमारे ६२ ते ६४ अंशांना. म्हणून तापणाऱ्या वाटीवर मधमाशीचे मेण टिकत नाही. लाखेचा जाड थर मात्र इथे देऊ नये. संखेड्याच्या लाकडी पाळण्यावर शोभणारा तो थर गरम वाटीवर फुगतो. मेणाचा थर पातळ असतो, आणि त्याखाली लाकूड लाकूडच दिसते.

बफिंगसाठी, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमक आणण्यासाठी, आधी तपकिरी ट्रिपोली ही घासणारी वडी, मग बारीक पांढरी वडी, शेवटी मेण. प्रत्येकाचे चाक वेगळे. आपल्याकडची साधी चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते, तेवढा वेग पुरे. २,८०० फेऱ्यांच्या ग्राइंडरवर लाकूड करपते. पाइप चाकाच्या खालच्या भागालाच धरावा. वरच्या कडेत अडकला तर हातून हिसकला जातो. इबोनाइटची मुखनळी, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, उन्हात हिरवट-पिवळी पडते. तिलाही हाच क्रम, पण चाकावर कमी वेळ.

वाटीच्या आत रंग किंवा मेण कधीच नाही. तिथे काही कारागीर सक्रिय कोळशाची पूड ताकात कालवून पातळ लेप देतात. घासाईची धूळ बारीक असते, म्हणून मास्क हवाच. आणि तंबाखूचा धूर तोंडाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, पाइपचाही. पाइप न पेटवता केवळ लाकडासाठी हा छंद पुरेपूर करता येतो. कपाटातल्या पाइपवर मेण बराच काळ राहते. हाताळणीने ते मावळले तर चाकावर पुन्हा एक हलका हात पुरतो.