संदर्भसंकलन, विद्युत रेल्वे इंजिनांच्या प्रतिकृतींसाठीचे

विद्युत इंजिनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्यापूर्वी मूळ इंजिनाचे आराखडे, मापे, छायाचित्रे, रंग व फेरफारांचा इतिहास गोळा करून परस्परांशी ताडून पाहण्याचे काम. प्रतिकृतिकाराचा निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो असे म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

संकलनाचे एकक इंजिनाचा वर्ग नसून एक विशिष्ट क्रमांक आणि एक विशिष्ट काळ हे होय. एकाच वर्गातील दोन इंजिने शेडमधून काही वर्षे फिरून आली की सारखी राहत नाहीत. दिवे बदलतात, जाळ्यांच्या जागी पत्रे बसतात, तारेतून वीज घेणारे छतावरील पँटोग्राफ वेगळ्या बनावटीचे येतात. डब्ल्यूसीएम-२ वर्गातील इंजिने मूळची कलकत्ता विभागातील ३,००० व्होल्ट एकदिश प्रवाहासाठी आली होती. तेथे २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला गेल्यावर ती मुंबईकडील १,५०० व्होल्टच्या मार्गांसाठी बदलून घेण्यात आली. अशा इंजिनाबाबत ‘कोणत्या साली, कोणत्या विभागात’ हे ठरवल्याशिवाय जमवलेला संदर्भ निरुपयोगी ठरतो.

प्रमाण व गेज. कोणता तपशील गोळा करायचा हे प्रमाणावर ठरते. सर्वाधिक रूढ एचओ प्रमाण १:८७ चे, म्हणजे फुटाला ३.५ मिमी. ते ओ प्रमाणाच्या, फुटाला ७ मिमीच्या, निम्मे. त्याचा उगम जर्मनीत की ब्रिटनमध्ये याविषयी एकमत नाही. जर्मनीतील बिंग कंपनीची १९२२ च्या सुमाराची टेबलावरील रेल्वे हा त्याचा पूर्वज मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. मात्र १९३५ मधील जर्मन उत्पादनांनंतरच ते बाजारात स्थिरावले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटिश गाड्यांचे काठमाप (गाडीच्या रुंदी-उंचीची मर्यादा) लहान असल्याने त्या काळच्या विद्युत मोटरी त्यांच्या एचओ सांगाड्यात मावेनात. म्हणून सांगाडा फुटाला ४ मिमी (१:७६.२) आणि रूळ मात्र एचओचेच, १६.५ मिमी गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर), अशी तडजोड निघाली. तिला डबल-ओ म्हणतात.

भारतीय ब्रॉडगेजच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. १,६७६ मिमी गेज १:८७ मध्ये १९.२६ मिमी, तर १:७६.२ मध्ये नेमके २२ मिमी होते. बाजारात सहज मिळणारा रूळ १६.५ मिमीचा. ब्रॉडगेज धरून हिशेब केल्यास त्या रुळाचे प्रमाण १:१०१.६ येते. तयार रुळावर धावणाऱ्या भारतीय इंजिनाची चाके त्यामुळे पोटाखाली आत सरकलेली दिसतात आणि बोगीच्या (इंजिनाखालील चाकांच्या गाड्याच्या) चौकटी किती बाहेर घ्यायच्या हे मूळ आराखड्यावरून ठरवता येत नाही; तो निर्णय कारागिराचा असतो. काही जण रूळ स्वतः घालतात. त्यांची संख्या अर्थातच थोडी आहे.

आराखडे व कारखान्याची छायाचित्रे. सर्वसाधारण रचनेचा आराखडा हा पाया धरला जातो, पण तो बहुधा बांधणीपूर्वीचा असतो. कारखान्यात ऐनवेळी झालेले बदल त्यात उतरतातच असे नाही. त्यामुळे आराखडा व तारीख असलेले छायाचित्र यांत विसंगती आढळल्यास छायाचित्राला झुकते माप देणे श्रेयस्कर. रंगापुरता मात्र हा नियम उलटतो. जुने ब्रिटिश कारखाने नव्या इंजिनाला केवळ छायाचित्रासाठी फिका करडा, निस्तेज रंग देत, कडांवर पांढऱ्या रेघा मारत आणि छायाचित्रातील पार्श्वभूमी पुसून टाकत. इंजिन सेवेत त्या रंगात कधीच धावलेले नसे. शिवाय जुन्या छायाचित्रणातील ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्टीला तांबडा रंग दिसत नाही. अशा छायाचित्रात तांबडी बफर-तुळई (टोकावरील बफर ज्यावर बसतात ती आडवी तुळई) काळी उमटते, निळा रंग अवास्तव फिका दिसतो. काळ्या तुळईच्या कित्येक प्रतिकृती या एका कारणाने झाल्या असाव्यात.

छायाचित्रावरून मापन. ज्ञात मापाच्या भागाशी तुलना करून बाकीची मापे काढतात. चाकाचा व्यास हा सर्वांत सोयीचा आधार वाटतो, पण तो फसवा आहे. भारतातील डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ इत्यादी इंजिनांचे नवे चाक १,०९२ मिमीचे असते, झिजून बाद होताना ते १,०१६ मिमीवर आलेले असते. म्हणजे जवळजवळ ७ टक्के चूक आधारातच शिरते. बफरांची उंचीही याच झिजेने व स्प्रिंगांच्या दबण्याने बदलते. समोरून घेतलेल्या छायाचित्रात रुळांचे गेज आणि बाजूच्या छायाचित्रात बोगीतील आसांमधील अंतर हे त्या मानाने स्थिर आधार. बफरांसह एकूण लांबी (डब्ल्यूएपी-७ साठी २०,५६२ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे २३६ मिमी) ही पडताळणीसाठी राखून ठेवावी.

छत. टेबलावरची प्रतिकृती वरूनच पाहिली जाते आणि विद्युत इंजिनाचे छत तर उपकरणांनी भरलेले असते: पँटोग्राफ, सर्किट ब्रेकर, लाइटनिंग अरेस्टर, इन्सुलेटरच्या राशी, त्यांना जोडणारी तांब्याची बसबार. नेमका हाच भाग छायाचित्रांत सर्वांत कमी सापडतो. पादचारी पूल ही त्यासाठीची पारंपरिक जागा, मात्र विद्युत तारांवर पुलाच्या कठड्याला उंच पत्रे किंवा जाळ्या लावलेल्या असतात. फलाटाच्या टोकाकडील पायऱ्या त्यामुळे अधिक उपयोगी पडतात. जिवंत तारेखालील इंजिनाच्या छतावर चढणे प्राणघातक आहे. तारेला स्पर्श झाला नाही तरी २५ किलोव्होल्टचा झटका हवेतून उडी घेऊन बसतो. पँटोग्राफचा प्रकार (एएम-१२, एएम-९२ इत्यादी) आणि ब्रेकर हवेच्या झोताचा आहे की निर्वात, यांवरून छायाचित्राचा काळ अजमावता येतो.

एक उदाहरण : ईएफ/१. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने भोर व थळ घाटांतील मालगाड्यांसाठी १९२८–३० च्या सुमारास घेतलेली ४१ इंजिने, पुढे डब्ल्यूसीजी-१. काही स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथील एसएलएम कारखान्यात, बहुसंख्य इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली. विद्युत सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. मधली केबिन, पुढेमागे दोन लांब नाकाडे आणि चाकांना जोडणाऱ्या हलत्या साइड रॉडमुळे परदेशी अभ्यासक यांना स्विस ‘क्रोकोडाइल’च्या कुळात बसवतात, इकडे ती खेकडा म्हणून परिचित. स्विस इंजिनाची थेट नक्कल म्हणण्यापेक्षा, त्याच कारखान्याने वळणदार घाटमार्गाच्या त्याच प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणणे अधिक योग्य. प्रतिकृतिकाराला हा वाद निव्वळ शास्त्रीय नाही. मर्क्लिन या जर्मन खेळणी-कंपनीने १९४७ मध्ये एचओमध्ये आणल्यापासून स्विस क्रोकोडाइलच्या तयार प्रतिकृती मुबलक मिळतात आणि त्यांवर रंग चढवून ‘खेकडा’ करण्याचा मोह होतो. परंतु स्विस क्रोकोडाइलची (वर्ग सीई ६/८) चाकरचना १-सी+सी-१ आहे, म्हणजे दोन्ही टोकांना लहान बिनशक्तीची चाके. ईएफ/१ मध्ये ती नाहीत, बाराही चाके शक्तीची. टोकाची लहान चाके काढली की नाकाड्याखाली जी पोकळी उरते ती कोणत्याही रंगाने झाकत नाही.

या वर्गातील इंजिने दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात व मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जतन केलेली आहेत. प्रत्यक्ष मोजमापासाठी ती अमोल होत. तथापि जतन केलेले इंजिन हे त्याच्या अखेरच्या दिवसांचे साक्षीदार असते, वर संग्रहालयाचा रंग. जीआयपीच्या काळासाठी त्यांवर विसंबू नये. चित्तरंजन कारखान्याच्या पहिल्या विद्युत इंजिनाला, १९६१ च्या ‘लोकमान्य’ला, हीच सूचना लागू पडते.

मीटरगेज. मद्रासकडील वायएएम-१ (मित्सुबिशी, १९६४–६६) हा भारतातील मीटरगेज विद्युत इंजिनांचा प्रमुख वर्ग होता. १:८७ मध्ये मीटरगेज ११.५ मिमी येते आणि १२ मिमीचा रूळ तयार मिळतो. ब्रॉडगेजची अडचण येथे उद्भवत नाही.