विस्तवाशी खेळल्याने अंथरूण ओलं होत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात उन्हाळ्यात काजूच्या बिया भाजायला घेतल्या की पोरं जाळाभोवती जमतात, आणि घरातली आजी दटावते, "विस्तवाशी खेळू नको, रात्री अंथरुणात शू करशील!" पोरांना लांब ठेवायला धाक उत्तम, बियांचा चीक उडाला तर कातडी सोलवटते. पण अंथरुणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवतं. काही मुलांत ते पुरेसं स्रवायला उशीर लागतो. त्यात मूत्राशयाची क्षमता कमी, आणि ते भरलं तरी गाढ झोपेतून जाग येत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण १५ जणांचं असं होतं. आई किंवा बाबांचंही लहानपणी असंच असेल, तर शक्यता वाढते. (आजीला विचारा, ती सांगेल.)

बद्धकोष्ठाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर येतो. पोट साफ होऊ लागलं की कित्येकदा अंथरूणही कोरडं राहतं. झोपताना पेलाभर कोकम सरबत नको, पण दिवसा पाणी तोडू नका. मारणं, चिडवणं तर निव्वळ मूर्खपणा, कारण मूल हे मुद्दाम करत नाही.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, लघवीला जळजळ, ताप, सतत तहान किंवा वजनात घट दिसली, तर मात्र डॉक्टरांकडे लगेच न्या: मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो.