घड्या घालता घालता ऐकलेलं पुस्तक

धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि कानात कादंबरी चालू होती. नायिका बंद दारापाशी आली, तिने कुलपात किल्ली फिरवली, आणि माझ्या लक्षात आलं की हातातला शर्ट अर्धवट दुमडलेला तसाच आहे. हात केव्हा थांबले ते कळलंच नव्हतं. दाराआड काय आहे हे समजलं आणि मग ते पुन्हा चालू झाले.

डोळे लवकर थकू लागले म्हणून मी ऑडिओबुकांकडे वळले होते, काहीशी नाइलाजाने. त्या अर्धवट घडीने मला विचारात पाडलं. एरवी घड्या घालताना गोष्ट नीट ऐकू येते, मग तेव्हाच हात का थांबावेत? आणि मोबाइलवर आलेला दोन ओळींचा निरोप वाचला, तर गोष्टीतली चार वाक्यं साफ कशी निसटतात?

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात याचा उलगडा सापडतो. कार्यस्मृती म्हणजे या क्षणी लागणारी माहिती थोडा वेळ धरून ठेवणारी यंत्रणा. या मांडणीत तिचे कप्पे आहेत. एक शब्दांचा: कानावर पडलेला शब्द तिथे दोनेक सेकंद घुमतो आणि विरतो. दुसरा आकार आणि जागा यांचा. दोन्हींवर लक्ष वाटून देणारा एक कारभारी. शर्टाची बाही कुठे मुडपायची हे दुसऱ्या कप्प्याचं काम, कादंबरी पहिल्याची. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. निरोपाचं तसं नाही. छापील शब्दही आपण मनातल्या मनात उच्चारतो, म्हणजे तो त्याच पहिल्या कप्प्यात शिरतो आणि तिथे चाललेलं वाक्य बाहेर ढकलतो. किल्ली फिरली तेव्हा बहुधा कारभाऱ्यानेच सगळं लक्ष गोष्टीकडे वळवलं. घडीसाठी काही उरलं नाही.

‘ऐकलं म्हणजे वाचलं नाही’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला स्वतःलाही ती टोचणी होती. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती बरीच कमी केली. नऊ जणांनी त्याच गोष्टी एकदा ऐकल्या आणि एकदा वाचल्या, आणि दोन्ही वेळा त्यांच्या मेंदूतल्या हालचालींची चित्रं घेतली गेली. शब्दांच्या अर्थाला मेंदूचा कोणता भाग प्रतिसाद देतो, याचे दोन नकाशे तयार झाले. ते जवळजवळ सारखे निघाले. अक्षरं डोळ्यांतून येवोत वा आवाज कानांतून, अर्थापाशी पोचल्यावर वाट एकच होते.

मला त्याहून जास्त भावलेला प्रयोग २०१० चा, प्रिन्स्टन विद्यापीठातला. एका स्त्रीने आपल्या आयुष्यातला किस्सा सांगितला, तो इतरांना ऐकवला आणि दोन्हींकडचे मेंदू तपासले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूत सांगणारीच्या मेंदूसारखाच आलेख उमटत होता, बहुतेक ठिकाणी थोडा मागून. काही भागांत मात्र ऐकणारे तिच्याही पुढे धावत होते, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत होते. हे पुढे धावणं ज्यांच्यात जास्त, त्यांना किस्सा अधिक समजला होता. न कळणाऱ्या रशियन भाषेत गोष्ट ऐकवली तेव्हा ही जुळणी नाहीशी झाली. माझे हात थांबले तेव्हा दार अजून उघडलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

ऐकण्यात उणीव नाही असं नाही. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारतात, आणि दर दहा उड्यांतली एखादी मागे असते. निसटलेला शब्द आपण नकळत पुन्हा टिपतो. आवाज असा थांबत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात मोठ्याने वाचणं, मनात वाचणं आणि ऐकणं यांची तुलना झाली; मन सर्वांत जास्त भरकटलं ते ऐकताना. म्हणून तर्काने भरलेलं पुस्तक मी कागदावरच वाचते. आणि कथा ऐकताना मागे जाण्याचं बटण दाबायला अजिबात संकोच करत नाही.

या पुस्तकांचं ऋण मात्र दृष्टिहीन वाचकांचं आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांत अंधांशी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख केला. पण एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटं मावत, तोवर कादंबरी अशक्यच होती. हळू फिरणाऱ्या तबकड्या आल्यावर अमेरिकेत १९३४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये बोलकी पुस्तकं घरोघरी जाऊ लागली. ब्रिटनमधल्या खटपटीमागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक होते. तबकडीच्या एका बाजूला सुमारे २५ मिनिटं. मग उठायचं, ती उलटायची, पुन्हा ऐकायचं.

गतीबद्दल एवढंच: मनात वाचण्यापेक्षा ऐकायला वेळ जास्त लागतो, म्हणून अनेकजण दीडपट वेग लावतात. माहितीपर पुस्तकाला ते चालेलही. गोष्टीत मला ते सोसवत नाही, कारण चांगला निवेदक वाक्याआधी जो श्वास घेतो, तोच तर पुढे धावायचा अवकाश असतो.

एका गोष्टीची मात्र मला कल्पना नव्हती. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगही साठवतो आणि जागाही. आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना उंदरांमध्ये १९७१ मध्ये तिथेच सापडल्या, आणि त्यासाठी २०१४ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. चालत ऐकलेली पुस्तकं माझ्या मनात रस्त्याला चिकटून बसली आहेत, ती याच शेजारामुळे असावीत. माझ्या रोजच्या फेरीत एक वळण आहे. एका कादंबरीतल्या म्हाताऱ्याने मुलाला लिहिलेलं शेवटचं पत्र मी तिथे ऐकलं होतं. तिथून जाताना अजूनही तो थकलेला आवाज आधी येतो, आणि मग समोरची भिंत दिसते.