सॅन अँटोनियोतला बंद एसी आणि पायातला गोळा

५ जून २०१४, टेक्सासमधलं सॅन अँटोनियो. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरची चार मिनिटं उरलेली. यजमान स्पर्स ९४, मायामी हीट ९२. मायामीचा हुकमी खेळाडू लेब्रॉन जेम्सने नुकताच ले-अप (जाळीजवळ उडी घेऊन चेंडू आत सोडणं) टाकून अंतर दोन गुणांवर आणलं होतं. चेंडू जाळीतून पडला, सगळे दुसऱ्या टोकाला पळाले, लेब्रॉन मात्र तिथेच उभा. डाव्या पायात गोळा आलेला, पाय चालेना. त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. उरलेल्या वेळात स्पर्सने १६ गुण केले, मायामीने ३. निकाल ११०-९५.

वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे हॉलचा एसी बंद पडला होता आणि कोर्टवर पारा ३२ अंशांच्या आसपास गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळं खापर एसीवर फुटलं. ते निम्मंच खरं आहे.

३२ अंशांत काय एवढं, असं आपल्याला वाटेल. पण बंद हॉलमधली माणसं मोजा: साडेअठरा हजार प्रेक्षक. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. सगळे मिळून १८५० किलोवॉट. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता उपसतो. म्हणजे घरातले दीड टनी एसी बसवायचे तर एकट्या प्रेक्षकांसाठी साडेतीनशे लागले असते. दिवे आणि मोठे व्हिडिओ पडदे यांची उष्णता वेगळीच.

खरी अडचण ओलाव्याची. श्वास आणि कातडी मिळून बसलेला माणूस तासाला ५० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. साडेअठरा हजारांचं झालं नऊशे लिटर पाणी, तासाला. एसी चालू असताना ही वाफ थंड कॉइलवर जमते आणि ड्रेनच्या पाइपातून निघून जाते. एसी बंद, की ती हवेतच राहते.

आता खेळाडूकडे या. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली जेमतेम पाव हालचालीच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. मोठ्या चणीच्या खेळाडूची जोरात धावपळ चालू असताना ९०० वॉट धरायला हरकत नाही. ही उष्णता जाणार कुठून? कातडी ३५ अंशांवर, हवा ३२. एवढ्याशा फरकाने हवा फार काही ओढून घेत नाही. उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातो. ९०० वॉट म्हणजे तासाला ३२४० किलोज्यूल, त्यासाठी १.३५ लिटर घाम हवा, तोही थेंब न गळता वाळणारा. दमट हवेत घाम वाळत नाही, गळतो, आणि गळलेला घाम शरीराला काडीचाही थंडावा देत नाही. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्यामागेही हेच आहे. मग शरीर आणखी घाम सोडतं.

त्यात देहाचा आकार आडवा येतो. उंची २०३ सेंटिमीटर आणि वजन ११३ किलो धरलं, तर कातडीचं क्षेत्रफळ येतं अडीच चौरस मीटर. १७५ सेंटिमीटर, ७० किलोच्या माणसाची कातडी १.८५ चौरस मीटर. किलोमागे हिशेब केला तर धिप्पाड खेळाडूकडे उष्णता टाकायला सुमारे १५ टक्के जागा कमी.

लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, काहींच्या घामातून दुप्पट. बाजारातल्या नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला साधारण ४५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय धावताना पोट तासाला लिटरभरापेक्षा फार जास्त पाणी पुढे ढकलत नाही. हे नुकसान सामना चालू असताना भरून निघणं कठीणच.

म्हणून गोळा आला? जुनं उत्तर हेच. १९३०च्या दशकात हूवर धरणाच्या बांधकामावर उन्हात घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्या कामगारांना पेटके यायचे आणि मिठाने ते आटोक्यात आले. ते पेटके खरेच मिठाचे होते. पण रक्त सगळ्या स्नायूंना एकच पुरतं. मग एकाच पायात गोळा का यावा? आयर्नमॅन या पोहणं, सायकल आणि धावणं अशा लांबलचक शर्यतीतले स्पर्धक तपासले, तेव्हा गोळे आलेल्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत किंवा शरीरातल्या पाण्यात म्हणावा असा फरक सापडला नाही.

दुसरं उत्तर मज्जातंतूंकडे बोट दाखवतं. स्नायूच्या आत ताणाची खबर देणारे संवेदक असतात. ते ‘आवळ’ म्हणून सांगतात. स्नायूबंधातले, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतले, संवेदक ‘सोड’ म्हणतात. स्नायू दमला की पहिल्यांचा आवाज चढतो, दुसऱ्यांचा बसतो आणि स्नायू आवळलेलाच राहतो. आधीच आखडलेल्या अवस्थेत तर बंधावर ताणच नसतो, त्यामुळे उडीच्या वेळी टाच उचललेली पोटरी हमखास सापडते.

२०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मजेशीर आहे. पाणी कमी झालेल्या तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने गोळा आणला आणि किलोला एक मिलिलिटर लोणच्याचं पाणी पाजलं (व्हिनेगरमधल्या काकडीचं; आपलं तेलातलं कैरीचं नव्हे). गोळा दीड मिनिटाच्या आत सुटला, साध्या पाण्यापेक्षा बराच लवकर. एवढ्या वेळात पोटातलं मीठ रक्तात पोचतही नाही. बहुधा घशाला बसलेला आंबट झटकाच मज्जारज्जूला गप्प करतो.

लेब्रॉनपुरतं बोलायचं तर २०१२च्या अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यातही त्याचा पाय असाच धरला होता, आणि तेव्हा एसीची काही तक्रार नव्हती. उकाड्याने स्नायू लवकर दमवला. गोळा दमण्यातून आला, असं मानायला जागा आहे. सॅन अँटोनियोत त्या चौथ्या क्वार्टरमध्येच आधी त्याला काही मिनिटं बाहेर बसवलं होतं. तो परत आला आणि पहिल्याच जोरकस उडीनंतर अडकला. सुटलेला गोळा बराच वेळ परत यायच्या बेतात असतो, म्हणून लगेच उडी मारायला लावणं धोक्याचं.

मैदानात कुणाच्या पोटरीत गोळा आला तर त्याला खाली बसवा, गुडघा सरळ ठेवा, पाऊल नडगीकडे ओढा आणि झटके न देता २०-३० सेकंद धरून ठेवा. मांडीच्या पुढच्या बाजूला आला असेल तर टाच कुल्ल्याकडे न्यावी. ताणल्याने बंधातले संवेदक पुन्हा बोलू लागतात. जोरजोरात चोळण्याने दुखणंच वाढतं. पाणी-मीठ नंतर सावकाश.

लेब्रॉनला सामन्यानंतर सलाइन लावलं. ८ जूनला दुसरा सामना झाला तेव्हा एसी चालू होता. त्याने ३५ गुण केले आणि मायामीने ९८-९६ असा जिंकला. पुढचे तिन्ही सामने मात्र स्पर्सने घेतले.